गुहेतली नदी म्हणजे वॉटर पार्क नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पेपरात परदेशात फिरायच्या जागांवर लेख येतात, ते आम्ही इथे टेक्सासमध्ये बसून अगदी नेमाने वाचतो, आणि हल्ली त्यात बेलीझचंही नाव दिसायला लागलंय याचा मला खरंच आनंद झाला, कारण हा देश आपल्या लोकांना फारसा माहीतच नाही. पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितेय. तुमच्याकडेच असं नाही, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आयटिनररी बघा, टूरवाल्यांची पत्रकं बघा, तिथल्या केव्ह ट्यूबिंगचं वर्णन सगळीकडे एका ओळीत उरकलेलं असतं, ‘रबरी ट्यूबमध्ये बसून गुहेतून तरंगा, फुल धमाल’, आणि ती ओळ पण झिपलाईन आणि एटीव्हीच्या मधे कुठेतरी. धमाल येतेच, नाही कोण म्हणतंय. पण ती राईड नाहीये हो. ते सरकारने राखलेलं पुरातत्त्व क्षेत्र आहे, तिथले मूळ रहिवासी माया लोक हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तिथल्या गुहांमधे पूजा करायला, देवाला पाऊस मागायला जायचे, आणि हे आधी कोणी नीट सांगितलं ना तर माणूस तिथे वेगळ्या मनाने शिरतो, वेगळ्या मनाने वागतो, आणि माझं तर म्हणणं आहे की मजासुद्धा त्यानेच जास्त येते.

आधी बेलीझबद्दल थोडक्यात सांगते. मेक्सिकोच्या खाली, ग्वातेमालाच्या शेजारी, कॅरिबियन समुद्राला लागून असलेला हा चिमुकला देश, आधी ब्रिटिश होंडुरास म्हणायचे, २१ सप्टेंबर १९८१ ला स्वतंत्र झाला. सरकारी भाषा इंग्लिश त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन जायला पण सोपं, आणि पैशाचा हिशोबही सरळ, २ बेलीझ डॉलर म्हणजे १ अमेरिकन डॉलर, हा दर ठरलेलाच आहे आणि अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात. आणखी एक गंमत म्हणजे १९व्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला इंग्रजांनी आपली माणसं तिथे नेली होती, त्यांचे वंशज अजून आहेत, उत्तरेला कोरोझाल जिल्ह्यात तर चक्क कलकत्ता नावाचं गाव आहे. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

बेलीझ सिटीहून पश्चिमेला जो जॉर्ज प्राईस हायवे जातो (देशाचे पहिले पंतप्रधान, त्यांचं नाव दिलंय, आधी वेस्टर्न हायवे होता) त्याने निघालं की वाटेत हॅटीव्हिल लागतं. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळात घरं गेलेल्या लोकांची ही वसाहत, त्याच वादळानंतर राजधानी समुद्रकाठावरून उचलून आत बेल्मोपानला न्यायचं ठरलं. मग बेलीझ झू मागे पडतं आणि सदतिसाव्या मैलाच्या आसपास डावीकडे फाटा फुटतो, त्या रस्त्याने फ्रँक्स एडी नावाच्या गावावरून आत गेलं की ती जागा येते. जागेचं पूर्ण नाव नोहोच चेएन केव्ह्ज ब्रँच आर्किऑलॉजिकल रिझर्व्ह. बघा, नावातच पुरातत्त्व आहे, आणि सांभाळतं कोण तर त्या देशाचं पुरातत्त्व खातं, टुरिझमची कुठली कंपनी नाही. गेटवर बोर्ड लावलेला आहे, पण पार्किंगमधे ट्यूबांचे ढीग, लॉकर, कपडे बदलायच्या खोल्या, टी-शर्टचे आणि बिअरचे स्टॉल, या सगळ्या गडबडीत तो बोर्ड कोण वाचतंय!

आम्ही सगळे मिळून गेलो होतो, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई. आईंना पोहायला अजिबात येत नाही आणि वय सत्तरीला टेकलेलं, त्यामुळे निघेपर्यंत घरात नुसती चर्चा, न्यायचं की नाही न्यायचं. तिथे मात्र गाईडने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, गुडघे कसे आहेत विचारलं, अंधाराची भीती वाटते का विचारलं, आणि म्हणाला, ‘मिस, पोहायचं काम माझं, तुम्ही फक्त बसायचं.’ तिथे वयाने मोठ्या बाईला मिस म्हणूनच हाक मारतात. हे गाईड लोक साधेसुधे नसतात, तिथे टुरिझम बोर्डाचं लायसन्स असल्याशिवाय गाईड म्हणून काम करता येत नाही, आणि त्या लायसन्ससाठी ट्रेनिंग घ्यावं लागतं, त्यात देशाचा इतिहास, झाडंझुडपं, प्राणी, प्रथमोपचार सगळं येतं. आमच्या गाईडची आई मायांमधल्या मोपान जमातीची आणि वडील क्रिओल, म्हणजे आफ्रिकन आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे. लाईफ जॅकेट त्याने प्रत्येकाचं स्वतः आवळून बघितलं, मुलांचं तर खांद्याला धरून वर ओढून बघितलं की डोक्यातून निघतंय का, मग हेल्मेट, त्यावर बॅटरीचा दिवा, आणि ट्यूब ज्याने त्याने स्वतःची उचलायची.

कारण आधी चालावं लागतं. हे पण कोणी लिहीत नाही. अर्धा-पाऊण तास जंगलातून पायवाट आहे, एका ठिकाणी नदी ओलांडायची, दोर बांधलेला असतो तो धरून, पाणी थंडगार आणि खाली गोटे, म्हणून पायात मागे पट्टा असलेले पाण्याचे बूट हवेतच, साध्या चपला वाहून जातात. आणि हे चालणं म्हणजे ट्यूबिंगच्या आधीचा कंटाळवाणा भाग असं बरेच लोक समजतात, भराभर पुढे पळतात. आमच्या गाईडने मात्र आम्हाला हळूहळू नेलं. एका झाडाच्या सालीवर काळे ओघळ होते, तो म्हणाला हे पॉयझनवुड, याचा चीक लागला की अंगावर फोड येतात, हात लावू नका, आणि मग बाजूलाच दुसरं झाड दाखवलं, गंबो लिंबो, लालसर साल आणि तिचे कागदासारखे पापुद्रे निघत होते, त्याचा रस त्या फोडांवर लावतात, आणि दोन्ही झाडं बरेचदा एकमेकांच्या आसपासच उगवतात. गंबो लिंबोला तिथले लोक टुरिस्ट ट्री म्हणतात, उन्हाने लाल झालेला आणि साल निघालेला गोरा पाहुणा आठवतो म्हणून. मुलं हसून हसून दमली. मग पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची रांग लागली, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवा तुकडा. लेकीला वाटलं त्या पानं खातात. तर नाही, त्या ती पानं वारुळात नेऊन त्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात, शेतीच करतात म्हणा ना. आई तिथे उकिडव्या बसून इतका वेळ बघत होत्या की मागचे दोन ग्रुप आम्हाला ओलांडून पुढे गेले.

मग गुहेचं तोंड. पाणी हिरवंनिळं, आत शिरताना बाहेरचा उजेड पाण्यातून वर छतावर नाचत असतो. ट्यूबमधे टेकायचं, आपले पाय पुढच्याच्या काखेत, मागच्याचे पाय आपल्या काखेत, असे सगळे एकमेकांना जोडून घेतात आणि गाईड सगळ्यात पुढे पाण्यात उतरून ती माळ ओढत नेतो. पाणी उथळ आलं की तो ओरडतो, ‘बट्स अप!’, की सगळ्यांनी कंबर वर उचलायची, नाहीतर खालचे खडक लागतात. आई पहिल्यांदा घाबरल्या, माझा पाय इतका घट्ट धरून ठेवला होता की नखं लागली, पण गुहेत शिरल्यावर जरा वेळाने पकड सैल झाली आणि त्यांचा दिवा छतावर फिरायला लागला.

आता आत काय बघायचं हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण एका ओळीत हेच सगळं हरवतं.

हा सगळा चुनखडीचा प्रदेश. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आंबट होतं, ते आंबट पाणी चुनखडी विरघळवत विरघळवत हजारो-लाखो वर्षांत अशा गुहा कोरतं, आणि छतातून टपकताना तोच विरघळलेला चुना थेंबाथेंबाने परत मागे ठेवतं, त्याचे हे लोंबते खांब होतात, स्टॅलेक्टाईट. एक खांब वाढायला किती वेळ लागतो तर शंभर वर्षांत जेमतेम सेंटीमीटरभर, बरेचदा तेवढाही नाही. काही ठिकाणी तो चुना दिव्याच्या उजेडात साखर सांडल्यासारखा चमकत होता. वरती गोल गोल खळगे आणि त्यात वटवाघळं, अगदी बारकी, एकमेकांना चिकटून झोपलेली. आणि एका कोरड्या कडेला गाईडने माळ थांबवली आणि दिवा खाली धरला, तर तिथे काळ्या मातीवर एक रोप उभं होतं, बोटभर उंच, पांढरंफटक, वर दोन फिकट पानं. फळं खाणारी वटवाघळं बिया आत टाकतात, त्या रुजतातसुद्धा, पण उजेडच नाही त्यामुळे हिरवा रंग येत नाही, बीमधलं अन्न संपेपर्यंत रोप उंच उंच होत उजेड शोधतं आणि मग मरतं. लेक एकदम गप्प झाली. नंतर तिने विचारलं आपण याला बाहेर नेऊन लावूया का, तर गाईड म्हणाला इथलं इथेच राहू दे, ते मेलं की किडे-मुंग्या त्याच्यावर जगतात, इथे काहीच वाया जात नाही.

आणि मग त्याने मायांचं सांगितलं. माया लोकांना गुहा म्हणजे पाताळाचं तोंड, त्या पाताळाला ते शिबाल्बा म्हणतात, तिथे मृत्यूचे देव राहतात, पण तिथेच पाऊस देणारा चाआकही असतो, ढग आणि पाणी गुहेतूनच निघतं अशी त्यांची श्रद्धा. म्हणून मशाली पेटवून, मडकी, मका, कोपाल नावाचा धूप घेऊन आत खोल खोल जायचे. पूजा झाली की मडकं मुद्दाम फोडायचे किंवा त्याला भोक पाडायचे, म्हणून या भागातल्या गुहांमधे फुटकी मडकी जागोजाग सापडतात. आणि छतातून टपकणारं पाणी, जे अजून जमिनीला लागलेलंच नाही, ते सगळ्यात पवित्र, त्याच्या थेंबांखाली भांडी ठेवून ते पाणी पूजेसाठी साठवायचे. हे ऐकल्यावर आई लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे आपलं सोवळ्याचं पाणीच की गं.’ मी ते गाईडला सांगितलं, जमेल तसं, आणि तो इतका खूष झाला की पुढचं सगळं तो आईंकडे बघूनच सांगत होता आणि मी मधे भाषांतर करत होते.

मग त्याने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. संपादक साहेब, असा काळोख मी कधी बघितला नव्हता, डोळे उघडे ठेवा की मिटा काही फरक नाही, स्वतःचा हात दिसत नाही. फक्त पाणी ऐकू येतं. आणि त्या काळोखात त्याने एक गोष्ट सांगितली, शेजारच्या ग्वातेमालातल्या किचे मायांनी लिहून ठेवलेली, ती मी तुमच्या वाचकांसाठी मुद्दाम देतेय. दोन भाऊ जमिनीवर चेंडू खेळत असत, त्यांच्या धावण्याचा, चेंडूचा धडधड आवाज खाली शिबाल्बाच्या देवांच्या डोक्यावर, ते चिडले, कोण हे आमच्या डोक्यावर दंगा करतंय, आणि त्यांना खाली बोलावून घेतलं. काळोखाच्या घरात रात्रभर ठेवलं, एक मशाल आणि प्रत्येकी एक चिरूट पेटवून दिला आणि सांगितलं सकाळी हे जसंच्या तसं परत द्यायचं. त्यांनी जाळून संपवलं, आणि मारले गेले. पुढे एकाची जुळी मुलं मोठी झाली, हुनाहपू आणि शबालानके, त्यांनीही तोच खेळ मांडला, परत आवाज, परत बोलावणं, परत तेच काळोखाचं घर. पण या पोरांनी मशालीला मकॉव पोपटाचं लाल पीस लावलं आणि चिरुटांच्या टोकाला काजवे बसवले, रात्रभर पहारेकऱ्यांना लांबून पेटलेलंच दिसलं, सकाळी सगळं जसंच्या तसं परत. मुलं त्या काळोखात श्वास रोखून ऐकत होती. मुलगा मधेच म्हणाला, ‘आई, म्हणजे त्यांना आवाज आवडत नाही?’ गाईडला अर्थ सांगितला तर तो म्हणाला, बरोबर, म्हणून आम्ही इथे हळू बोलतो.

आणि नेमकं तेव्हा, मी हे मीठमिरची लावून लिहीत नाहीये, मागच्या वळणावरून स्पीकरचा धडधडाट आला. मोठा ग्रुप, ट्यूबवर बांधलेला वॉटरप्रूफ स्पीकर, हातात बिअरचे कॅन, आवाज घुमतो का बघायला किंकाळ्या, आणि जाता जाता एकाने हात उंच करून लोंबता खांब पकडून स्वतःची ट्यूब थांबवली. वटवाघळं उठली आणि डोक्यावरून फडफडत गेली. आमच्या गाईडने त्या खांब पकडणाऱ्याला हात काढायला सांगितलं, अगदी नम्रपणे, तर तो म्हणाला, ‘आम्ही पैसे भरलेत.’ ते कुठले होते, कोणाबरोबर आले होते, हे मी लिहिणार नाही, त्याने काही साधत नाही. मला वाईट याचं वाटलं की त्या लोकांना बहुतेक खरंच माहीत नव्हतं. त्यांनी जाहिरात वाचली होती आणि जाहिरातीत धमाल लिहिलं होतं, त्यांनी धमाल केली. चूक त्यांची आहेच, पण आधी जो एका ओळीत सांगतो त्याचीही आहे, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

खांबाला हात लावला तर काय बिघडतं असं कोणाला वाटेल. आपल्या हाताचं तेल त्यावर बसलं की तिथे पाणी नीट पसरत नाही, चुना बसत नाही, वाढ थांबू शकते, डाग पडतो तो कायमचा. आणि या खांबांमधे नुसतं सौंदर्य नसतं. बेलीझच्याच दक्षिणेला योक बालुम नावाची गुहा आहे, तिथल्या जमिनीतून वर वाढलेल्या एका खांबाच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी जवळजवळ २००० वर्षांच्या पावसाचा हिशोब काढला, २०१२ मधे तो प्रसिद्ध झाला, आणि मायांची मोठमोठी नगरं ओस पडली त्या काळात पाऊस कसा कमी होत गेला हे त्यातून दिसलं. म्हणजे ज्या पावसासाठी माणसं मडकी घेऊन गुहेत जात होती त्याच पावसाची नोंद गुहा ठेवत होती. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अशा दगडाला पकडून कोणी ट्यूबला ब्रेक लावतं, हे बघवत नाही.

दुसरं उदाहरण ट्यूबिंगची गुहा ज्या कायो जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातलं. आक्तुन तुनिचिल मुक्नाल म्हणून गुहा आहे, एटीएम म्हणतात लोक, तिथे मायांनी बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे अजून जागेवर आहेत, हाडांवर चुन्याचा थर बसून ती चमकतात. तिथे बूट काढून फक्त मोज्यांवर चालायला लावतात. आणि २०१२ मधे एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडला आणि कवटीला भोक पडलं, तेव्हापासून तिथे कॅमेरा न्यायला पूर्ण बंदी. हजार वर्षांहून जास्त टिकलेलं होतं, एका क्षणात गेलं. आता सगळ्यांनाच फोटोशिवाय जावं लागतं, आणि जे जाऊन आलेत ते सांगतात की त्यामुळे उलट नीट बघून होतं. ट्यूबिंगच्या गुहेत फोन नेता येतो, पण माझं ऐकाल तर लॉकरमधे ठेवा, नाहीतर अर्धा वेळ तो कोरडा ठेवण्यातच जातो.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी, ज्या तुमच्या लेखात असायला हव्या होत्या असं मला वाटतं. पाऊस साधारण जून ते नोव्हेंबर, आणि या नदीचं असं आहे की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी चढतं, गुहेत ते चढलं की छत आणि पाणी यातलं अंतर कमी होतं, म्हणून पाणी जास्त असलं की सरळ बंद ठेवतात. बंद म्हटलं की बंद, गाईडशी हुज्जत घालू नका, लांबून आलोय वगैरे सांगू नका, त्याला नदी कळते. त्यातल्या त्यात फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने, पाणी निळंशार असतं, मात्र खूप कोरडं झालं की बरंच अंतर ट्यूब उचलून चालावं लागू शकतं. क्रूझवाल्यांची गर्दी मोठी असते, तिथे समुद्र उथळ म्हणून जहाजं लांब उभी राहतात आणि लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणतात, मग बसने इथे, त्यामुळे जहाज असेल त्या दिवशी सकाळी अगदी लवकर किंवा दुपारनंतर जा. मधल्या वेळात गुहेत रांग लागते आणि रांगेत गोष्ट ऐकता येत नाही.

बायकांनी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं हॉटेलवरच ठेवावं, पाण्यात आणि दोरात अडकतं, आईंनी तयार व्हायला वेळ लावला पण शेवटी काढून दिलं. चष्म्याला मागून दोरी बांधा. लहान मुलांसाठी वयाची आणि उंचीची अट प्रत्येकाची वेगळी असते ती बुकिंग करतानाच विचारा. पोहता येत नसेल तर अडत नाही, पण बंद जागेत जीव घाबरा होत असेल किंवा गुडघे दुखत असतील तर लाजू नका, आधी सांगा, चालण्याचाच त्रास जास्त होतो. आणि बाहेर आलं की जेवण असतं, नारळाच्या दुधात शिजवलेला राईस अँड बीन्स, तळलेली पिकलेली केळी, सोबत चिकन स्ट्यू, आई शाकाहारी तर त्यांनी पहिलं विचारलं की बीन्समधे काही घातलंय का, कारण तिथे बीन्समधे बरेचदा डुकराच्या शेपटीचा तुकडा घालतात. शाकाहारी असाल तर हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ते वेगळं करून देतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाईडला बोलू द्या. त्याला प्रश्न विचारा. बरेच ग्रुप घाई करतात म्हणून गाईड पण दमतात, मोजकं सांगून बाहेर काढतात, त्यांचं काही चुकत नाही. आमचा गाईड निघताना म्हणाला की आज फार दिवसांनी कोणीतरी पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. बुकिंग करतानाच सांगून ठेवायचं की आम्हाला घाई नाही, आम्हाला मायांचं ऐकायचंय, आत दिवे बंद करून थोडा वेळ थांबायचंय. एवढं सांगितलं तरी दिवस बदलतो. आणि टिप द्या, भरपूर द्या, ती माणसं दिवसभर थंड पाण्यात आपल्याला ओढत असतात.

माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी बेलीझबद्दल काही छापाल तेव्हा त्या जागेचं पूर्ण नाव छापा, ते पुरातत्त्व क्षेत्र आहे हे पहिल्या वाक्यात येऊ द्या, आणि स्पीकर नेऊ नका, दगडाला हात लावू नका, दारू पिऊन आत शिरू नका, या तीन गोष्टी ठळक अक्षरात द्या. आपल्या मराठी टूर कंपन्या आता सेंट्रल अमेरिकेच्या सहली काढायला लागल्यात, त्यांचे टूर लीडरसुद्धा तुमचा पेपर वाचतात, त्यांनी बसमधे अंताक्षरी थांबवून पाच मिनिटं शिबाल्बाची गोष्ट सांगितली तरी पुष्कळ होईल. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं बाकी काहीही कापा, फक्त जुळ्यांची आणि काजव्यांची गोष्ट तेवढी ठेवा, ती मुलांना वाचून दाखवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली एक वाचक,
टेक्सास, अमेरिका